मावशीचं शेवटचं गाऱ्हाणं

अम्युझमेंट पार्कच्या नकाशावर तिचं नाव 'अल मौज' असं छापलेलं होतं. मौज म्हणजे अरबीत लाट. पण तिच्यावर काम करणाऱ्या माणसांपैकी कुणी तिला या नावाने हाक मारल्याचं ऐकिवात नाही. महादू मेस्त्रीने पहिल्याच वर्षी तिचं नाव मावशी ठेवलं, आणि बघता बघता नेपाळचा उपेंद्र, मोम्बासाची रशीदा, तिकीटखिडकीवरची मंडळी, सगळेच तिला मावशी म्हणू लागले. नाव ठेवायला कारणही तसंच होतं. ती दिवसभर कुरकुरायची, कण्हायची, चढावर तर अशा धापा टाकायची की वाटावं, आता बसतेय खाली. आणि तरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत गावभरची पोरं अंगाखांद्यावर खेळवून, एकालाही खरचटू न देता जागच्या जागी आणून सोडायची. ज्यांच्या घरात अशी मावशी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता दुबईत रोलर कोस्टर, आणि तीही लाकडाची, हे ऐकून शहाणी माणसं हसतात. जिथे रस्त्याकडेच्या झाडालाही नळी लावून पाणी पाजावं लागतं, तिथे एवढं लाकूड उभं करायचं कुणाच्या डोक्यात आलं, देव जाणे. पण आलं खरं. इन्व्हेस्टमेंट्स पार्क नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या पलीकडे, जिथे वाळू सुरू होते तिथे, ती पांढऱ्या रंगात उभी होती. दमट हवा आली की तिचं लाकूड फुगायचं, कोरडा वारा सुटला की आकसायचं, आणि या फुगण्या-आकसण्यात रोज कुठला ना कुठला बोल्ट सैल व्हायचा. लोखंडी कोस्टरचं तसं नसतं. ती एकदा बसवली की बसली. हिची मात्र रोज सकाळी कुणाला तरी पाठीवरून चालत जाऊन, हातोडीने ठोकत, कान देऊन विचारपूस करावी लागे. तो कुणीतरी म्हणजे महादू.

महादू जातिवंत सुतार, कुडाळच्या पलीकडच्या गावचा. बापाने घरं बांधली, आज्याने होड्या बांधल्या, आणि हा दुबईत येऊन आधी दारं-खिडक्या आणि मग ही मावशी सांभाळू लागला. इतक्या वर्षांत त्याने तिच्या एवढ्या फळ्या बदलल्या होत्या की मूळची मावशी आता किती शिल्लक आहे, हे तिलाही सांगता आलं नसतं.

पण मावशीची खरी गंमत तिच्या फळ्यांत नव्हती. ती होती सकाळच्या गाऱ्हाण्यात.

रोज पहिली गाडी रिकामी सोडायची असा नियम. ती नीट फिरून आली की मग माणसं. महादूने कामाला लागल्यावर पहिल्याच दिवशी ती रिकामी गाडी समोर उभी बघितली आणि वरच्या चढाकडे बघितलं. एवढ्या माणसांचा जीव आपल्या हातोडीवर! घाबरलेला कोकणी माणूस जे करतो तेच त्याने केलं. डोक्यावरचं हेल्मेट काढलं, हात जोडले आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ही गाडी सोडतंव म्हाराजा! काय वाकडा-नाकडा आसात ता दूर कर म्हाराजा! गेलेली पोरां हसत परत येऊ देत म्हाराजा!"

पण गाऱ्हाणं एकट्याने घालून भागत नाही. प्रत्येक वाक्याला मागून माणसांनी "व्हय म्हाराजा" म्हणावं लागतं, तरच ते देवाकडे पोचतं. मागे तर उपेंद्र आणि रशीदा तोंड उघडं टाकून उभे. महादूने दोघांना हिंदीत समजावलं, "मैं रुकेगा ना, तब तुम जोर से बोलने का. व्हय म्हाराजा." रशीदाने विचारलं, याचा अर्थ काय? महादू म्हणाला, "हाँ जी." रशीदा म्हणाली, "तो वही हुआ. आमीन." आणि ती अशी काही कडाडली की चढावरची कबुतरं उडाली.

त्या दिवसापासून मावशी गाऱ्हाण्याशिवाय कधी सुटली नाही. सुपरवायझर बदलले, वेगवेगळ्या देशांची माणसं आली नि गेली, पण नवीन माणूस आला की आधी त्याला "व्हय म्हाराजा" शिकवायचं आणि मग बाकीचं ट्रेनिंग. रशीदाच्या तर ते इतकं अंगवळणी पडलं होतं की एकदा भर मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी "आर वी क्लिअर?" असं विचारल्यावर ती ताडकन उभी राहून "व्हय म्हाराजा!" म्हणाली. साहेब लेबनॉनचे. त्यांना वाटलं, स्वाहिलीत काहीतरी चांगलं म्हणाली असेल. ते खूश झाले.

एक मात्र महादू सगळ्यांना बजावून सांगायचा, की गाऱ्हाण्यात उगाच काहीबाही घालायचं नाही. एकदा "व्हय" पडलं की शब्द देवाच्या पदरात पडला, मग तो मागे घेता येत नाही. त्याच्या गावात एकाने भावकीच्या भांडणात रागाच्या भरात गाऱ्हाण्याला "व्हय" म्हटलं आणि पुढे स्वतःच्या परड्यातला बरका फणस भावाला सोडून दिला. कोर्टाचा कागद असता तर त्याने वकील केला असता. पण इथे वकील कुठला करणार?

आणि मग त्या हिवाळ्यात बातमी आली की हा मावशीचा शेवटचा सीझन. यात कुणाची चूक नव्हती. लाकूड थकलं होतं, नवीन फळी बसवली तरी ती धरायला शेजारची फळी धड राहिली नव्हती, आणि हे सगळ्यांत आधी महादूनेच इंजिनिअर साहेबांना सांगितलं होतं. "साब, इसका टाइम हो गया. हँसते-खेलते है तब तक बंद करो." साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या रात्री महादू शांत झोपला. मावशीचं सगळं वेळच्या वेळी होतंय, याचं त्याला समाधानच होतं.

प्रश्न मावशीचा नव्हता. प्रश्न महादूचा होता.

इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्येच, तो राहायचा त्या खोल्यांपासून दोन गल्ल्या सोडून, फर्निचरचा एक मोठा कारखाना होता. तिथला भरती बघणारा अंकुर नावाचा मुलगा महादूच्या मागे लागला होता. "महादूभाई, फोरमन बनके आओ. एसी शॉप है, धूप में चढना नहीं. रूम भी वही रहेगा. मावशी बंद होगी उस दिन तक बता दो, यल्ला." महादू म्हणाला, बताता हूँ, इन्शाल्ला. आणि त्याने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. ना उपेंद्रला, ना रशीदाला, ना गावी नर्मदेला.

नर्मदा म्हणजे त्याची बायको. बाकी सगळे गृहीत धरून चालले होते की मावशी बंद म्हणजे मेस्त्री कॅन्सल करून घरी जाणार. 'कॅन्सल करणं' म्हणजे व्हिसा रद्द करून कायमचं परतणं. आखातात हा शब्द माणसं वेगळ्याच आवाजात उच्चारतात, कुणी हेव्याने, कुणी भीतीने. महादू भीतीवाल्यांपैकी होता. आता दुबईला भिणारी माणसं पुष्कळ भेटतात, स्वतःच्या घराला भिणारा हा एकच. पण त्याचंही ऐकून घ्यायला हवं.

दर दोन वर्षांनी महिनाभर तो गावी जायचा. गेला की नर्मदा पेटीतली नवी चादर काढायची. पाण्याचा तांब्या हातात आणून द्यायची. कोयती कुठे ठेवतेस, असं विचारलं की म्हणायची, "तुमका कित्याक होयी? तुमी बसा." शेजारी भेटायला यायचे ते चपला काढून, जपून बसायचे. एकदा त्याने मागच्या दाराची सैल झालेली बिजागरी ठोकायला घेतली, तर नर्मदेने हातातून हातोडी काढून घेतली. "चार दिस इल्यात, हात दुखवून घेतल्यात तर?" माया होती ती, तक्रार करायची सोयच नव्हती. पण हातातली हातोडी गेल्यावर महादूला हाताचं काय करावं ते कळायचं नाही.

आणि मुलीच्या लग्नात तर कहर झाला. प्रज्ञा त्याची एकुलती एक. मांडवाच्या दारात तो नवीन शर्ट घालून उभा होता, तर वाढप्यांचा मुकादम येऊन अदबीने विचारतो, "काका, तुम्ही मुलीकडचे की मुलाकडचे?" सगळे पोट धरधरून हसले. महादूही हसला. पण ते वाक्य त्याच्या मनात रुतलं ते रुतलंच. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. रजा संपायची म्हणून आजवर आपलं निभावलं. आता कायमचं जाऊन बसलो आणि पाहुणाच राहिलो तर? नर्मदा फोनवर कधी 'या' म्हणाली नव्हती, आणि 'येऊ नका' असंही नाही. ती विचारायची जेवलात काय, आणि सांगायची की पाऊस आला, गाय व्याली, प्रज्ञाचा फोन आला होता. महादूला वाटायचं, तिचं माझ्यावाचून सगळं नीट चाललंय. त्यात उगाच माझी अडगळ कशाला?

हे असं सगळं मनात घोळवत तो रोज मावशीच्या पाठीवरून चालायचा, आणि उत्तर काही ठरत नव्हतं.

शेवटच्या दिवसाचा कार्यक्रम रिद्धीकडे होता. रिद्धी पार्कच्या इव्हेंट ऑफिसात कामाला, अल बर्शात राहणारी, ऊद मेथाच्या शाळेत शिकलेली, जन्माने मराठी, पासपोर्टने भारतीय आणि बाकी सगळ्या बाबतीत दुबईची. लहानपणी ती शाळेच्या सहलीला मावशीवर बसून रडली होती, आणि उतरल्यावर पुन्हा बसायचं म्हणून त्याहून जास्त रडली होती. महादूला ती काका म्हणायची, तो तिला बाय म्हणायचा.

"काका," ती आठवडाभर आधी म्हणाली, "माझा प्लॅन ऐका. लास्ट डेला तुमचं ते गाऱ्हाणं आपण स्टेजवर करू या. माइक, लाइट्स, सगळं. इट विल बी सो ऑथेंटिक!"

"बाय, गाऱ्हाणं काय डान्स हा?" महादू म्हणाला. "ता देवाक सांगायचं असतं. माइकशिवाय ऐकू येतं त्याला."

"ओके, खलास, नो स्टेज. पण सकाळी प्लॅटफॉर्मवर होणार ना? मला तरी यायचंय."

"त्याला काय, ये. पण 'व्हय म्हाराजा' म्हणावं लागेल."

रिद्धीने घरी जाऊन आईला विचारलं की गाऱ्हाणं नक्की कसं घालतात. तिची आई अपर्णा पुण्याची. ती म्हणाली, "मला आरत्या विचार, सगळ्या पाठ आहेत. गाऱ्हाणं हे कोकणातलं प्रकरण. पण एवढं माहीत आहे, की त्यात जवळच्या माणसासाठी मागतात." रिद्धीने तेवढंच लक्षात ठेवलं. अर्धवट माहिती घेऊन पूर्ण आत्मविश्वासाने उभं राहणं ही त्या पिढीची खासियतच, आणि खरं सांगायचं तर आपल्याही पिढीची होती.

शेवटच्या दिवशी सकाळी हवा छान होती. फाटकापाशी रांग लागली होती. कुणी दोन पिढ्या घेऊन आले होते, कुणी जुने फोटो घेऊन. महादूने नेहमीसारखी पाठीवरची फेरी मारली. हातोडी ठोकली, कान दिला, दोन नट आवळले. उद्या ही उतरवायची आहे म्हणून आज काम ढिलं करायचं, असल्या विचाराला त्याच्याकडे जागाच नव्हती. खाली आला तर फलाटावर सगळे जमलेले. उपेंद्र, रशीदा, तिकीटवाले, सफाईवाले, आणि चांगला कुर्ता घालून रिद्धी.

महादूने हेल्मेट काढलं. हात जोडले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां तुझ्यासमोर उभी आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही आमची मावशी..."

आणि महादू थांबला. गाऱ्हाणं म्हणजे मागणं. रोज तो मागायचा की गाडी नीट जाऊ दे, नीट येऊ दे, उद्याही अशीच चालू दे. आज मागायचं काय? उद्या तर गाडीच नाही. मोडण्यासाठी गाऱ्हाणं घातल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. मागे सगळे "व्हय" तोंडात धरून उभे. फाटकाबाहेर पोरं ओरडू लागली होती. उपेंद्रने हळूच घसा खाकरला. महादूच्या डोळ्यांसमोर मावशीचा चढ हलू लागला, आणि त्याला कळलं की आपल्याला रडू येतंय.

रिद्धीने ते बघितलं. एक म्हणजे तिला काकांची फार दया आली, आणि दुसरं म्हणजे कार्यक्रमाला उशीर होत होता. ती झटकन पुढे झाली, शाळेच्या प्रार्थनेला मिटायची तसे डोळे मिटले आणि सुरू झाली.

"देवा महाराज!"

कुणीच काही म्हणालं नाही. हा शब्द त्यांच्या ओळखीचा नव्हता. रशीदा मागून कुजबुजली, "म्हाराजा बोलो, म्हाराजा! खींच के!"

"सॉरी. देवा म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"मावशीने एवढी वर्षं आम्हाला सगळ्यांना सेफ ठेवलं, म्हणून थँक यू म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि मावशीला ज्यांनी सेफ ठेवलं ते हे महादू काका. ते इतकी वर्षं घर सोडून इकडे राहिले म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता त्यांना घरी जाऊ दे. काकूंकडे. कायमचं. परत इकडे कामाला नको पाठवू, प्लीज, म्हाराजा!"

महादूने दचकून हात वर केला. "थांबा" म्हणायचं होतं त्याला. पण मागची मंडळी आता रंगात आली होती, आणि शेवटच्या दिवसाचं सगळं साठलेलं बळ लावून ती ओरडली,

"व्हय म्हाराजा!"

पडला शब्द. एकालाही आपण कशाला हो म्हटलं ते कळलं नव्हतं. नेपाळ, केनिया, केरळ, मनिला, सगळ्यांनी मिळून महादू मेस्त्रीला कोकणात पाठवायचा ठराव एकमताने मंजूर केला होता, आणि उपेंद्र तर वर अंगठा दाखवून हसत होता. ज्याला सगळं कळलं असा फलाटावर एकटा महादू.

क्षणभर त्याच्या मनात आलं की याला काय अर्थ आहे? बोलली ती पोरगी, तिला गाऱ्हाण्यातलं ओ की ठो माहीत नाही. ओरडले ते, त्यांना मराठी येत नाही. अंकुरला हो म्हटलं तर कुणाला पत्ता लागणार? पण मग त्याला रवळनाथाची आठवण झाली. त्याला तर पत्ता लागणारच. आणि दुसरी गोष्ट त्याच्या लक्षात आली ती अशी की त्याला मुळी पळवाट शोधायचीच नव्हती. छातीवरून कुणी ओझं उचलावं तसं त्याला हलकं हलकं वाटत होतं. किती महिने तो मनाशी घासाघीस करत बसला होता, आणि एका पोरीने आगाऊपणा केला नि सुंठीवाचून खोकला गेला.

"काका," रिद्धी घाबरून म्हणाली, "चुकलं का माझं? मी काही इन्सल्टिंग तर नाही ना बोलले?"

"नाय गो बाय," महादू म्हणाला. त्याने नाक पुसलं, हात पुन्हा जोडले, आणि सगळ्यांच्या मागून, एकटाच, अगदी हळू म्हणाला, "व्हय म्हाराजा."

मग त्याने हेल्मेट घातलं आणि रशीदाला खूण केली. रिकामी गाडी सुटली, चढली, पडली, वळली आणि कुरकुरत परत आली.

दुपारी जरा सवड मिळाली तेव्हा त्याने अंकुरला फोन लावला. "अंकुरभाई, मेरा नहीं होगा."

"अरे, क्यों? दूसरा ऑफर आया क्या?"

"हाँ."

"किधर?"

"गाँव में. घर पे."

"वहाँ क्या काम करोगे?"

"वो अभी मालूम नहीं," महादू म्हणाला. आणि ते खरंच होतं. भीती काही सगळी गेली नव्हती. शब्द पाळायचा म्हणून जायचं हे ठरलं होतं, पण जाऊन बसायचं कुठे, हा प्रश्न होता तिथेच होता.

दिवस मात्र फार छान गेला. मावशीला असा निरोप मिळाला की एखाद्या मंत्र्यालाही मिळू नये. लोक दोन दोनदा बसले. रिद्धीचे आईवडील आले. तिचे वडील अनिल चढाच्या पायथ्याशी पोचल्यावर "माझी पाठ जरा..." म्हणू लागले, तर अपर्णाबाईंनी त्यांना दंडाला धरून आत बसवलं आणि उतरल्यावर सगळ्यांना त्यांचा पांढरा पडलेला चेहरा फोनवर दाखवला. एका पठाणी टॅक्सीवाल्याने खाली उतरून खांबाला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. कुणी रडलं नाही असं नाही, पण जो तो रडताना हसत होता.

संध्याकाळी ऊन उतरलं तेव्हा शेवटची गाडी कामगारांची. महादूला सगळ्यांनी ओढून पहिल्या डब्यात बसवलं. दुरुस्तीनंतरच्या चाचणीच्या फेऱ्यांना तो शेकडो वेळा बसला होता, पण तेव्हा कान कामावर असायचे. आज त्याने ठरवलं, नुसतं बसायचं. साखळी कटकटत चढली. वरून कारखान्यांची छपरं दिसली, वाळू दिसली, खूप लांब समुद्राची एक रेघ दिसली. मग मावशी पडली आणि सगळे ओरडले. दुसऱ्या वळणावर डावीकडे एक बारीक टकटक ऐकू आली. सैल झालाय, उद्या सकाळी बघायला हवा, असं म्हणत महादूचा हात सवयीने कमरेच्या हातोडीकडे गेला. हातोडी तर खालीच होती. मग तो स्वतःशीच हसला, दांडा घट्ट धरला आणि उरलेली फेरी पोरांसारखा ओरडत राहिला.

खाली उतरल्यावर गर्दीतून जरा बाजूला होऊन, मावशीच्या एका खांबाला टेकून, त्याने नर्मदेला फोन केला. रशीदा तिथेच शेजारी बसून बूट काढत होती.

"जेवलंस काय गो?"

"आता जेवतलंय. आवाज कसलो येता हो?"

"लोक आसत. मावशी बंद झाली आज."

"माका ठावक आसा. प्रज्ञान फोनवर दाखवल्यान. बरी दिसता हुती." मग ती म्हणाली, "तुमी रडलात काय?"

"नाय. थोडो." महादू म्हणाला. "नर्मदा, मी येतंय."

"कधी? रजा किती दिसांची?"

"रजा नाय गो. कॅन्सल करून येतंय."

पलीकडून चुलीवरच्या टोपावरचं झाकण बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"म्हणजे राहूक?"

"राहूक."

"कायमचे?"

"व्हय."

महादूने डोळे मिटून घेतले. आता काय ऐकायला मिळतं, याची वाट बघत त्याने मावशीचा खांब घट्ट धरला.

"मग एक आताच सांगून ठेवतंय," नर्मदा म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी रोजच्यासारखा, जरा वैतागलेलाच होता. "रजेर येतात तेव्हा वडे-सागोती करून करून माजो जीव जाता. ह्या वेळेक ता काय मेळाचा नाय. घरात सांजची पेज असता, तीच पेज जेवची लागतली. संगती सुको बांगडो. आवडात नायतर नको."

महादू नुसताच "चलात" म्हणाला, आणि फोन ठेवून मोठमोठ्याने हसू लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

रशीदा बूट हातात घेऊन घाबरून उठली. "क्या हुआ मेस्त्री? मॅडम क्या बोला?"

"बोली, अभी से चिकन-विकन नहीं मिलेगा," महादू डोळे पुसत म्हणाला. "घरवाले जो खाते है, वही कांजी मिलेगा."

रशीदा बूट खाली ठेवून पुन्हा बसली. कांजी मिळणार म्हणून एखादा माणूस एवढा खूश का व्हावा, हे काही केल्या तिच्या लक्षात येईना.